पूर्वमधुमेह, भाताचे ताट आणि कोठारातील कीड : तंजावरच्या अनुभवातून

दरवर्षी १२ जूनच्या सुमारास मेट्टूर धरणातून पाणी सुटण्याची वाट सारा कावेरी त्रिभुज प्रदेश पाहत असतो. १९३४ साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या पाण्यावर तंजावर जिल्ह्यात कुरुवै, सांबा आणि ताळडी असे भाताचे हंगाम उभे राहतात. ज्या प्रदेशात शेताची तीनही पिके भाताची, त्या प्रदेशात दिवसाची तीनही जेवणे तांदळाची असावीत यात नवल नाही. सकाळी इडली, दोसा किंवा पोंगल, दुपारी सांबार, रसम व ताक यांबरोबर तीनदा वाढला जाणारा भात आणि रात्री पुन्हा इडली वा भात. यात गोड पदार्थ नाही, साखर नाही. आणि म्हणूनच रक्तातील साखर वाढल्याचा अहवाल हाती आला की घरातील माणसे गोंधळतात. चहातील साखर बंद होते, भाताचा ढीग मात्र तसाच राहतो.

उपाशीपोटी रक्तातील ग्लुकोज १०० ते १२५ मिलिग्रॅम, ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी १४० ते १९९ मिलिग्रॅम (दोन्ही प्रति डेसिलिटर), अथवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के, यांपैकी काही आढळल्यास त्या अवस्थेला पूर्वमधुमेह म्हटले जाते. (जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची खालची मर्यादा ११० धरते, त्यामुळे दोन प्रयोगशाळांच्या अहवालांवरील शेरे कधीकधी जुळत नाहीत.) भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून पूर्वमधुमेह असणाऱ्यांची संख्या १३ कोटी ६० लाखांच्या घरात आहे. दुसरा आकडा पहिल्याहून मोठा आहे, ही चिंतेची बाब आहे आणि संधीचीही. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात ग्लुकोज-सहनशीलता बिघडलेल्या ५३१ व्यक्तींचा सुमारे अडीच वर्षे पाठपुरावा करण्यात आला. केवळ नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के लोकांना या काळात मधुमेह जडला. आहार व व्यायामात बदल केलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर राहिले. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचा गटही जवळपास तेथेच होता. म्हणजे आहार-व्यायामाने औषधाइतके काम केले. त्याच वेळी हेही दिसते की काळजी घेऊनही दहांतील चौघे मधुमेहाकडे गेले. आहार हा प्रभावी उपाय आहे, जादू नव्हे.

जुन्या तंजावरातील अन्नविचार

आहार आणि प्रमेह यांचा संबंध तंजावरला नवा नाही. व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्ते यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचला. समर्थ रामदासांच्या वर्तुळातील हा पंडित महाराष्ट्रातून तंजावरास गेला आणि तेथे त्याने पूर्वीच्या वैद्यकग्रंथांच्या आधारे धान्ये, कडधान्ये व सिद्धान्न यांचे गुणदोष एकत्र मांडले. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात धन्वंतरी महालात रोगचिकित्सेचे जे संकलन झाले, त्यातही मधुमेहाला स्थान मिळाले.

या ग्रंथांना आजच्या अर्थाने पुरावा मानता येणार नाही. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. चरकसंहितेने प्रमेहाच्या कारणांत नवे धान्य, गुळाचे पदार्थ व बैठी जीवनशैली यांची गणना केली आणि प्रमेही माणसाच्या आहारात जवाला अग्रस्थान दिले. 'गोड खाऊ नका' एवढ्यावर ती परंपरा थांबली नाही. कोणते धान्य, किती जुने, कशाबरोबर, हे प्रश्न तिने विचारले. आजच्या सल्ल्यातून नेमके हेच प्रश्न अनेकदा गळून जातात.

दाण्याच्या आत

साळीवरचे तूस काढले की तपकिरी तांदूळ मिळतो. त्यावर कोंड्याचे पातळ थर असतात आणि एका टोकाला अंकुर असतो. तंतू, तेल, 'ब' जीवनसत्त्वे व खनिजे यांचा मोठा वाटा येथेच आहे. गिरणीत दाण्याच्या वजनाचा आठ-दहा टक्के भाग घासून काढला की उरतो तो पांढरा, चकचकीत तांदूळ, म्हणजे मुख्यतः स्टार्च. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात तंतू ३ ग्रॅमपेक्षा कमी, तपकिरी तांदळात सुमारे साडेचार ग्रॅम. फरक आहे, पण लोक समजतात तितका प्रचंड नाही. हे ध्यानात ठेवलेले बरे.

स्टार्चचेही दोन प्रकार. अमायलोपेक्टिनच्या फांद्याफांद्यांच्या रेणूवर पाचकरसांना एकाच वेळी अनेक ठिकाणी काम करता येते. अमायलोजची सरळ साखळी घट्ट बसते आणि सावकाश तुटते. त्यामुळे अमायलोज अधिक असलेल्या वाणांचा भात मोकळा होतो आणि रक्तातील साखर तुलनेने हळू वाढवतो. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था व ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ यांनी २३५ वाणांची तपासणी केली तेव्हा ग्लायसेमिक निर्देशांक ४८ पासून ९२ पर्यंत पसरलेला आढळला, आणि भारतात मोठ्या क्षेत्रावर पिकणारा 'स्वर्णा' कमी निर्देशांकाच्या बाजूला निघाला. 'तांदूळ' या एका शब्दात किती वेगवेगळे पदार्थ सामावले आहेत, याची त्यावरून कल्पना यावी.

तिसरी गोष्ट उकड्या तांदळाची, आणि तिचा तंजावरशी जवळचा संबंध आहे. साळ भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडली की कोंड्यातील थायमिनचा काही अंश दाण्याच्या गाभ्यात उतरतो. स्टार्च एकदा फुलून पुन्हा घट्ट होतो, त्यामुळे त्याचे पचनही काहीसे मंदावते. विसाव्या शतकाच्या आरंभी मलायात कामाला गेलेल्या मजुरांमध्ये बेरीबेरीची साथ पसरली. पांढरा तांदूळ खाणारे चिनी मजूर मोठ्या संख्येने आजारी पडले. नागपट्टणमसारख्या बंदरांतून गेलेले, उकडा तांदूळ खाणारे तमिळ मजूर बहुतांशी वाचले. पुढे ब्रॅडन व फ्लेचर यांनी हा धागा पकडला. उकडण्याच्या याच प्रक्रियेचे शास्त्र बसवण्यासाठी तिरुवारूर येथील गिरणीच्या प्रयोगशाळेतून साळप्रक्रिया संशोधन केंद्र उभे राहिले, ते पुढे तंजावरला आले आणि आज राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान, उद्योजकता व व्यवस्थापन संस्था या नावाने ओळखले जाते. सिंधुदुर्ग आणि गोव्यातील वाचकाला उकडा तांदूळ व त्याची पेज वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. एक इशारा मात्र द्यावा लागतो : दुकानातील बहुतेक उकडा तांदूळ नंतर पॉलिश केलेलाच असतो. कच्च्या पांढऱ्या तांदळापेक्षा तो बरा, म्हणून तो दुप्पट खाण्याची मुभा मिळत नाही.

हीच गोष्ट देशी वाणांची. नेल जयरामन यांनी २०१८ मधील निधनापर्यंत दीडशेहून अधिक पारंपरिक वाण गोळा करून शेतकऱ्यांत पसरवले. त्यांच्या कार्यामुळे माप्पिळ्ळै सांबा, काट्टुयानम, करुप्पु कवुनी ही नावे तंजावरच्या बाजारात पुन्हा ऐकू येऊ लागली. जैवविविधतेच्या दृष्टीने हे मोठे काम आहे. परंतु आता हे वाण 'मधुमेहाचा तांदूळ' म्हणून चढ्या भावाने विकले जातात. त्यांचा रंग आणि त्यातील रंगद्रव्ये कोंड्यात असतात. काळा तांदूळ पांढरा होईपर्यंत घासला, तर नावाखेरीज फारसे काही उरत नाही.

निर्देशांकापेक्षा वाढप महत्त्वाचे

ग्लायसेमिक निर्देशांक हा पदार्थाचा गुण आहे. रक्तावर पडणारा भार पदार्थाच्या मात्रेवरही ठरतो. समजा, एका व्यक्तीने ७० निर्देशांकाचा ६० ग्रॅम कच्चा तांदूळ शिजवून खाल्ला. त्यात सुमारे ४७ ग्रॅम कर्बोदके; भार झाला ३३. दुसऱ्या व्यक्तीने ५५ निर्देशांकाचा महाग तांदूळ आणला आणि निर्धास्तपणे १२० ग्रॅमचा भात खाल्ला. कर्बोदके ९४ ग्रॅम, भार जवळजवळ ५२. चांगला तांदूळ खाणाऱ्याचीच साखर अधिक वाढण्याची शक्यता! पूर्वमधुमेहाच्या आहारातील सर्वांत सामान्य फसगत हीच आहे आणि ती भरडधान्यांबाबतही तशीच घडते.

इंडियाब पाहणीतील अठरा हजारांहून अधिक प्रौढांच्या आहाराच्या नोंदींवरून २०२२ साली एक गणित मांडले गेले. पूर्वमधुमेहातून सामान्य स्थितीकडे येण्यासाठी एकूण उष्मांकांपैकी ५० ते ५६ टक्के कर्बोदकांतून व १८ ते २० टक्के प्रथिनांतून यावेत, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रत्यक्षात भारतीय ताटात कर्बोदकांचा वाटा सरासरी ६२ टक्के आहे. याच पाहणीच्या २०२५ मधील विश्लेषणाने आणखी एक समजूत तपासून पाहिली : पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचे वा भरडधान्याचे पीठ आले, तर धोका कमी होतो का? एवढ्याने तो घटल्याचे दिसले नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी-कडधान्ये वा दुधाच्या प्रथिनांनी घेतला, तेव्हा मात्र धोका कमी असल्याचे आढळले. नाचणी वाईट, असा याचा अर्थ नाही. नाचणीत तंतू भरपूर आहेत. पण बारीक दळून केलेल्या नाचणीच्या दोशांची चळत हीही कर्बोदकांचीच चळत असते. तांदळाला हद्दपार करून दुसऱ्या धान्याला त्याच जागी, त्याच मापाने बसवणे हा उपाय नव्हे. धान्याने थोडे सरकून कडधान्याला जागा द्यायची आहे.

आणि हे कडधान्य तंजावरच्या शेतकऱ्याला लांबून आणावे लागत नाही. सांबा किंवा ताळडी भाताच्या कापणीपूर्वी आठ-दहा दिवस, जमिनीत ओल असतानाच उभ्या पिकात उडीद आणि मूग फेकून पेरले जातात. भात निघतो, कडधान्य त्याच ओलीवर वाढते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी काढणीला येते. १९२२ साली स्थापन झालेल्या आडुतुरै येथील भात संशोधन केंद्राने या पद्धतीसाठी उडदाचे खास वाण दिले. कोकणात भातानंतर वाल, पावटा, कुळीथ घेतात ती पद्धत याच कुळातली. शेताने भाताच्या पाठोपाठ कडधान्याची सोय केली आहे. ताटात मात्र उडीद इडलीच्या पिठातला लहान भागीदार होऊन राहतो.

९० ग्रॅम तांदळाऐवजी ६० ग्रॅम तांदूळ व ३० ग्रॅम मूगडाळ यांचे पोंगल केले तर कर्बोदके ७० ग्रॅमवरून ६३ वर येतात, प्रथिने ७ वरून १२ ग्रॅमवर जातात आणि तंतू जवळपास दुप्पट होतात. सालीसह मूग वापरल्यास तंतू आणखी वाढतात. इडलीत चार भाग तांदळाला एक भाग उडीद असेल तर तीनास एक, मग अडीचास एक असे सरकता येते. चवही फार बिघडत नाही. दुपारच्या तीन भातांपैकी रसमचा भात कमी करून रसम वाटीतून प्यावे. तंजावरच्या मराठी घरांत उडदाच्या पिठाची दह्यातली डांगर पचडी अजून होते. महाराष्ट्रातील डांगराचीच ती बहीण, आणि पूर्वमधुमेहासाठी असा पदार्थ मुद्दाम शोधूनही सापडणार नाही. रात्रभर पाण्यात ठेवलेला पळैय सोरु, म्हणजे शिळा भात, थंड होताना त्यातील काही स्टार्च न पचणाऱ्या स्वरूपात जातो हे खरे. पण तो काही अंशच. वाडगाभर शिळा भात वाडगाभर भातच असतो.

तमिळनाडूत २०११ पासून शिधापत्रिकेवर तांदूळ मोफत मिळतो. ज्या घराचे पोट त्या तांदळावर भरते, त्या घराला कित्येक पट महाग तांदूळ सुचवणे हे सल्ल्याचे कर्तव्य उरकणे झाले. त्याच दुकानात सवलतीची तूरडाळ मिळते. भाताची एक पळी कमी आणि डाळ एक पळी जास्त, हा बदल त्या घराला परवडतो.

किडीला कळलेले पोषण

तरीही ज्यांना शक्य आहे त्यांनी कोंडायुक्त तांदूळ खावा, याला चांगला आधार आहे. चेन्नईतील मद्रास मधुमेह संशोधन प्रतिष्ठानच्या २०१४ मधील चाचणीत, वजन अधिक असलेल्या व्यक्तींना पांढऱ्याऐवजी तपकिरी तांदूळ दिला तेव्हा चोवीस तासांतील ग्लुकोजची वाढ सुमारे २० टक्क्यांनी कमी राहिली. सोबत कडधान्य दिले तेव्हा २३ टक्क्यांनी. मग घरोघरी हा बदल टिकत का नाही? चव, शिजायला लागणारा वेळ, किंमत ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. चौथे कारण आहारतज्ज्ञांच्या तक्त्यात येत नाही : तपकिरी तांदूळ टिकत नाही. उत्साहाने आणलेल्या पंचवीस किलोच्या पोत्यात दोन महिन्यांत पोरकिडे फिरू लागतात, तांदळाला खवट वास येतो, आणि घर पुन्हा पांढऱ्या तांदळाकडे वळते.

यात दोष घरच्यांचा नाही. तूस निघताच कोंड्यातील तेल आणि लायपेज हे विकर एकमेकांच्या संपर्कात येतात व तेल खवट होऊ लागते. उकडण्याच्या उष्णतेने हे विकर निकामी होते. म्हणून उकडलेला पण पॉलिश न केलेला तांदूळ अधिक टिकतो. किडीचे गणितही कोंड्याभोवतीच फिरते. पिठातील तांबडा भुंगेरा आणि तांदळावरील पतंगाची अळी यांना निव्वळ पांढऱ्या, अखंड दाण्यावर नीट वाढता येत नाही. त्यांना कोंडा, कणी, पीठ लागते. सोंडा दाणा पोखरून आत अंडे घालतो. तो पांढऱ्या तांदळातही वाढतो, पण कोंडा जितका अधिक घासलेला तितकी त्याची संततीही कमी. शिवाय सोंड्याच्या शरीरात सहजीवी जिवाणू असतात. धान्यातून अपुरी पडणारी काही जीवनसत्त्वे व अमिनो आम्ले ते त्याला पुरवतात. निव्वळ स्टार्चवर गुजराण करण्याची ही सोय माणसाच्या देहात नाही. तांदळाची चकाकी म्हणजे किडीलाही नको झालेले अन्न, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे. गिरण्यांनी आणि व्यापाऱ्यांनी पॉलिशला पसंती दिली त्यामागे दिसण्याइतकाच टिकण्याचाही हिशेब होता.

म्हणून कोंडायुक्त धान्याची खरेदी किडीच्या आयुष्यक्रमाकडे पाहून करावी. तंजावरसारख्या उष्ण-दमट हवेत सोंड्याची अंड्यापासून प्रौढापर्यंतची एक पिढी साधारण महिनाभरात पुरी होते. आणलेल्या दाण्यांत डोळ्यांना न दिसणारी अंडी असू शकतात, हे गृहीत धरावे. तीन आठवड्यांत संपेल एवढाच तपकिरी तांदूळ आणला तर पहिली पिढी बाहेर पडण्यापूर्वीच तो शिजून गेलेला असतो. जास्त आणायचा झाल्यास फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, जेथे उणे १८ अंशांच्या आसपास तापमान राहते, आठवडाभर ठेवून मग हवाबंद डब्यात भरावा. फ्रीजच्या साध्या कप्प्यातही किडीची वाढ थांबते आणि खवटपणा लांबतो. ज्यांच्याकडे स्वतःची साळ आहे त्यांना याहून सोपा मार्ग आहे : धान्य साळीच्याच रूपात, चांगले वाळवून ठेवावे आणि दर पंधरवड्याला लागेल तेवढेच भरडून आणावे. तुसासारखे दुसरे वेष्टन नाही. वरी, राळा, सावा यांनाही हेच लागू. भरडलेल्या दाण्यापेक्षा तुसातील दाणा कितीतरी अधिक काळ राहतो.

कडधान्यांचा शत्रू वेगळा. भुंगा शेतातच शेंगांवर अंडी घालून घरात येतो. दाण्यावर चिकटलेले पांढरे ठिपके ही त्याची अंडी. अळी ठिपक्याखालूनच थेट दाण्यात शिरते, त्यामुळे वरून काही दिसेपर्यंत आतला गर गेलेला असतो. काढणीनंतरचे उडीद-मूग कडक उन्हात पातळ पसरून दाण्यातील ओल दहा टक्क्यांच्या आत आणावी. किलोमागे ५ मिलिलिटर खाद्यतेल दाण्यांना चोळल्यास अंडी गुदमरतात. वर्षभराच्या साठ्यापैकी काही भागाची डाळ करून ठेवणे हाही चांगला उपाय, कारण फुटलेल्या दाण्यात भुंग्याची वाढ सहसा होत नाही. कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने तयार केलेले सच्छिद्र नळीचे सापळे धान्यात खोचून ठेवले तर कीड वाढण्याआधीच तिची चाहूल लागते. अल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र राहत्या घरात कोणत्याही कारणाने वापरू नयेत. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू माणसालाही तितकाच घातक आहे.

आहारातील बदलाचा परिणाम एचबीएवनसीत दिसायला तीन महिने द्यावे लागतात. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते आणि ही चाचणी त्या काळातील सरासरी सांगते. तोवर घरच्या घरी एक साधा प्रयोग करता येतो. जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. एक दिवस नेहमीच्या भातानंतर, एक दिवस भात कमी व डाळ अधिक घेतल्यानंतर, आणि प्रत्येक वेळी कच्चा तांदूळ मोजून घेतलेला असावा. ज्यांना साखर कमी करणारी औषधे चालू आहेत त्यांनी भात एकदम तोडू नये, आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डाळींचे प्रमाण वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मोजमापासाठी वेगळे साधन लागत नाही. घरातील एक ठरावीक वाटी वजनकाट्यावर एकदा तोलून तिच्यात किती ग्रॅम तांदूळ मावतो हे डब्याच्या झाकणावर लिहून ठेवावे. त्याखाली तांदूळ आणल्याची तारीखही लिहावी.